पक्षाघातानंतर रुग्णाची बोधनक्षमता कशी तपासावी

पुण्यातील कोणत्याही रुग्णालयाच्या न्यूरॉलॉजी वॉर्डात पक्षाघाताच्या (स्ट्रोकच्या) रुग्णाचे नातेवाईक पहिल्या दिवशी जे विचारतात ते हातापायांबद्दल असते: बाबा उठून चालू लागतील का, उजवा हात पुन्हा कामाचा होईल का. डोक्याविषयीचा प्रश्न बहुधा दोन-तीन महिन्यांनी येतो आणि तोही आडवळणाने. दूधवाल्याला एकाच महिन्याचे पैसे दोनदा दिले गेले, गॅस तसाच चालू राहिला, नेहमीच्या मंडईतून परतताना बाजीराव रस्त्यावर वाट चुकली, वर्षानुवर्षे भिशीचा हिशेब चोख ठेवणाऱ्या बाईंना यंदा तो काही केल्या जुळेना. तोपर्यंत ‘पेशंट चालतोय, बोलतोय’ एवढ्या आधारावर डिस्चार्ज झालेला असतो आणि बोधनक्षमतेची पद्धतशीर तपासणी कोणीच केलेली नसते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निवेदनानुसार पक्षाघातातून वाचलेल्यांपैकी ६० टक्क्यांपर्यंत रुग्णांमध्ये पहिल्या वर्षात कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा बोधनिक बिघाड आढळतो. हे प्रमाण पाहता ही तपासणी शंका आली तरच करण्याची गोष्ट नसून प्रत्येक रुग्णाची व्हायला हवी.

बोधनक्षमता हा शब्द येथे व्यापक अर्थाने वापरला आहे. लक्ष एकाग्र करणे, नवे लक्षात ठेवणे, भाषा समजणे आणि वापरणे, जागेचे व दिशेचे भान राखणे, आखणी करून काम तडीस नेणे, या सर्व क्षमता तिच्यात येतात. स्मरणशक्ती हा तिचा केवळ एक भाग आहे, आणि पक्षाघातात पुष्कळदा तो पहिला बिघडणारा भागही नसतो. पुढील विवेचन मुख्यतः फॅमिली डॉक्टर, निवासी डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, वाचा-उपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ यांच्यासाठी आहे. रुग्णाची काळजी घेणाऱ्या कुटुंबीयांनाही ते वाचून काय विचारावे आणि काय सांगावे हे कळेल, मात्र चाचण्यांचा अर्थ लावण्याचे काम प्रशिक्षित व्यक्तीवरच सोपवावे.

आधी वेळ ठरवावी

पहिल्या काही दिवसांत रुग्ण गुंगीत असतो, झोपेचे चक्र उलटलेले असते, नाकातून नळी आणि लघवीची पिशवी लावलेली असते. त्या अवस्थेत सविस्तर चाचणी घेणे म्हणजे भिडे पूल पाण्याखाली असताना मुठेच्या पात्राची खोली मोजायला जाण्यासारखे आहे. या टप्प्यावर एकच गोष्ट पाहायची, ती म्हणजे डेलिरियम, म्हणजे अचानक आलेली संभ्रमावस्था. काल सायंकाळपर्यंत नीट बोलणारा रुग्ण रात्री असंबद्ध बोलू लागला, सलाईन उपटू लागला, सकाळी पुन्हा शांत झाला, तर घरचे लोक ‘वातात बडबडतात’ असे म्हणतात आणि स्टाफ कधी कधी ‘म्हातारपण आहे’ म्हणून सोडून देतो. चढउतार होणारी ही अवस्था बहुधा दुसऱ्या कशामुळे तरी आलेली असते: छातीचा किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग, रक्तातील सोडियम घटणे, साखर खाली येणे, लघवी तुंबणे, तीव्र बद्धकोष्ठता, एखादे नवे औषध. शांत डेलिरियम तर याहून फसवा असतो, कारण असा रुग्ण कोणालाच त्रास देत नाही, तो नुसता पडून राहतो.

डेलिरियमसाठी ‘फोर-ए-टी’ ही दोन मिनिटांची तपासणी वॉर्डात सहज करता येते. तिच्यात सजगता, चार छोटे प्रश्न (वय, जन्मतारीख, ठिकाण आणि चालू वर्ष), महिने उलट क्रमाने म्हणणे आणि अवस्थेत अचानक झालेला बदल किंवा चढउतार या चार गोष्टी पाहतात, आणि एकूण गुण ४ किंवा अधिक असल्यास डेलिरियमची शक्यता धरून कारण शोधायचे असते. आपल्याकडे जन्मतारखेच्या प्रश्नावर थोडे सांभाळावे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून ही तारीख टाकून दिलेली माणसे महाराष्ट्रात असंख्य आहेत, आणि कागदावरची तारीख न सांगता ‘आषाढातला जन्म’ म्हणणाऱ्या आजींचे उत्तर चुकीचे ठरवण्यापूर्वी घरच्यांना विचारून घ्यावे. महिन्यांचेही तसेच. जानेवारी-फेब्रुवारीपेक्षा चैत्र-वैशाख ज्यांच्या तोंडी आहेत त्यांना त्या क्रमाने उलटे म्हणू द्यावे आणि तशी नोंद करावी.

डेलिरियम नाही, ताप नाही, रुग्ण वीस मिनिटे बसून बोलू शकतो, अशी स्थिती आली की पहिली चाळणी-तपासणी डिस्चार्जपूर्वी करावी. त्यानंतर सुमारे ३ महिन्यांनी सविस्तर मूल्यमापन, आणि पुढे ६ व १२ महिन्यांनी फेरतपासणी, हा क्रम व्यवहारात चांगला जमतो. पहिल्या काही आठवड्यांत पुष्कळ सुधारणा आपोआप होते, म्हणून स्मृतिभ्रंशाचे निदान त्या काळात कागदावर लिहिण्याची घाई करू नये. एकदा लिहिलेला तो शब्द फाइलमधून आणि नातेवाइकांच्या मनातून सहसा पुसला जात नाही.

पक्षाघाताच्या आधीचा माणूस

आजचे गुण कशाच्या तुलनेत कमी आहेत, हे ठाऊक नसेल तर त्यांना काही अर्थ नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २००९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दाखवले की पहिला पक्षाघात झालेल्यांपैकी सुमारे दहातल्या एकाला स्मृतिभ्रंश आधीपासूनच असतो, आणखी दहातल्या एकाला तो पहिल्या पक्षाघातानंतर लवकरच नव्याने होतो, आणि पक्षाघात पुन्हा झाला तर हे प्रमाण एक तृतीयांशाहून वर जाते. म्हणजे समोर दिसणारा सगळा बिघाड परवाच्या पक्षाघाताचाच असेल असे नाही.

आधीची स्थिती जाणण्यासाठी जवळच्या व्यक्तीला विचारावयाची ‘आयक्यूकोड’ ही प्रश्नावली उपयोगी पडते. तिच्या छोट्या आवृत्तीत १६ प्रश्न असतात, दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत व्यक्ती कशी आहे हे प्रत्येक प्रश्नावर १ ते ५ मध्ये नोंदवतात, ३ म्हणजे काहीच बदल नाही, आणि सरासरी ३ च्या जितकी वर तितकी घसरण अधिक. विचारताना ‘पक्षाघात होण्याच्या आदल्या महिन्यापर्यंत’ असे स्पष्ट बजावावे, नाहीतर माणूस आजचीच अवस्था सांगू लागतो.

माहिती कोणाकडून घ्यावी, हा पुण्यात वाटतो तितका सोपा प्रश्न नाही. मुलगा परदेशात, सून आयटीत, आणि कागदपत्रांवर सही करणारा भाचा हडपसरहून सहा महिन्यांतून एकदा येणारा, अशी स्थिती पुष्कळ घरांत असते. रोजचा माणूस शोधावा. कधी तो जोडीदार असतो, कधी शेजारी, तर कधी सकाळ-संध्याकाळ पोळ्या करायला येणाऱ्या मावशी, ज्यांना आजोबा गेल्या दिवाळीपासून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात हे परदेशातल्या मुलापेक्षा कितीतरी आधी ठाऊक असते. आणि प्रश्न ठोस असावेत. नोव्हेंबरमधला पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला स्वतः जाऊन दिला होता का? विजेचे बिल कोण भरत असे? पीएमपीएमएलच्या बसने एकटे जात होते का? सणावारी नैवेद्याचा स्वयंपाक कोणी आठवण न करता होत होता का? ‘स्मरणशक्ती कशी होती?’ या प्रश्नाला मात्र ‘अगदी उत्तम’ हेच उत्तर येते, आणि ते लिहून घेऊन काहीच हाती लागत नाही.

याच बैठकीत शिक्षणाची वर्षे, व्यवसाय, घरात बोलली जाणारी भाषा आणि हाताचा कल नोंदवावा. जुन्या पिढीत डावखुऱ्या मुलांना छडीच्या धाकाने उजव्या हाताने लिहायला लावत असत, म्हणून ‘लिहिता कोणत्या हाताने’ एवढ्यावर न थांबता चेंडू, विळी, हातोडी कोणत्या हाताने वापरत होते तेही विचारावे. भाषेचे केंद्र मेंदूच्या कोणत्या बाजूस असण्याची शक्यता आहे, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

चष्मा, कान, हात आणि भाषा

चाचणीचा कागद काढण्यापूर्वी चष्मा नाकावर आहे का आणि श्रवणयंत्र कानात आहे की खाटेशेजारच्या ड्रॉवरमध्ये, हे पाहावे. सांगायला लाज वाटावी इतकी ही साधी गोष्ट आहे, पण ऐकू न आलेल्या पाच शब्दांची आठवण तपासून ‘स्मरणशक्ती क्षीण’ असा शेरा मारलेला मी एकाहून अधिक वेळा पाहिला आहे. कवळी काढून ठेवलेली असेल तर उच्चार अस्पष्ट येतात. लिहिता हात लुळा पडलेला असेल तर घड्याळ काढण्याच्या चाचणीत रेघा वाकड्या येणारच. तेथे आकड्यांची मांडणी पाहावी, रेघेचा सुबकपणा पाहू नये.

यापुढे भाषा. वाचाघात (मेंदूच्या इजेमुळे भाषेत आलेला बिघाड) असलेल्या रुग्णाला शब्दांवर आधारलेली कोणतीही चाचणी दिली तरी ती भाषेचीच चाचणी होते, म्हणून भाषेची खाटेवरची तपासणी सर्वांत आधी करावी. रुग्णाला आपणहून काही सांगू द्यावे आणि ओघ, शब्दांची अडखळण, शब्दांच्या जागी आलेले भलतेच शब्द ऐकावेत. मग समज पाहावी: आधी एक कृती, मग दोन, मग ‘खिडकीकडे बोट दाखवा आणि नंतर डोळे मिटा’ अशी जोडकृती, आणि हे सांगताना स्वतःच्या हाताने किंवा नजरेने खूण होऊ देऊ नये. हो-नाहीच्या प्रश्नांत प्रत्येक प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारावा, कारण सगळ्यालाच ‘हो’ म्हणणारा रुग्ण अर्ध्या प्रश्नांत बरोबर ठरतो. त्यानंतर वाक्य पुन्हा म्हणणे, वस्तूंची नावे सांगणे, वाचणे, लिहिणे.

भरभर पण अर्थहीन बोलणारा रुग्ण विशेष सांभाळावा. त्याला लुळेपणा नसतो, तो अखंड बोलतो, आपल्याला समजले नाही हे त्यालाही कळत नाही, आणि घरचे त्याला ‘भ्रमिष्ट झाले’ म्हणून थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे नेतात. याच्या उलट फसवणूकही होते. ‘रामरक्षा अस्खलित म्हणतात हो, डोके एकदम शाबूत आहे,’ असे सून अभिमानाने सांगते. रामरक्षा, हरिपाठ, मनाचे श्लोक, बे एके बे, वारांची नावे ही लहानपणापासून जिभेवर बसलेली असतात, आणि वाचाघातात स्वतःचे एक वाक्य जुळवता न येणारा माणूसही ती ओघाने म्हणू शकतो. अशा पठणावरून स्मरण किंवा लक्ष शाबूत आहे, असे ठरवता येत नाही. तरी त्याची नोंद जरूर घ्यावी, कारण वाचा-उपचारात त्याचा धागा धरता येतो.

तपासणीची भाषा रुग्णाची असावी, तपासणाऱ्याच्या सोयीची असू नये. कॅम्पातल्या गुजराती व्यापाऱ्याला किंवा येरवड्यातल्या तेलुगू भाषक मजुराला मोडक्या हिंदीत चाचणी देऊन आलेले गुण फाइलमध्ये न लिहिलेलेच बरे. दुभाषा घेतल्यास तो शक्यतो नातेवाईक नसावा, कारण नातेवाईक भाषांतर करता करता हळूच उत्तरही सुचवतो.

चाचणी निवडताना

एमएमएसई ही १९७५ पासून वापरात असलेली ३० गुणांची चाचणी बहुतेकांना पाठ असते, पण पक्षाघातात ती एकटी अपुरी पडते. आखणी, लवचीकपणा आणि विचारांचा वेग या क्षमता ती जवळजवळ तपासतच नाही, आणि मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आजारात नेमका त्यांनाच धक्का बसतो. २००५ मध्ये मॉन्ट्रियलहून प्रसिद्ध झालेली ‘मोका’ ही चाचणीही ३० गुणांची आणि साधारण दहा मिनिटांची आहे. तिची अधिकृत मराठी आवृत्ती आहे, तिच्या वापरासाठी प्रशिक्षण व प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि बारा किंवा त्याहून कमी वर्षे शिक्षण झालेल्यांना एक गुण वाढवून देतात. मूळ अभ्यासात २६ ही सीमारेषा होती. ती चौथी शिकलेल्या वेल्ह्याच्या शेतकऱ्याला जशीच्या तशी लावली तर धडधाकट माणसांचे गावच्या गाव आजारी ठरेल. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी ‘मोका-बेसिक’ ही वेगळी आवृत्ती त्याच संस्थेने केली आहे. वेळ असेल तर १०० गुणांची ‘एसीई-३’ अधिक तपशील देते. ‘ऑक्सफर्ड कॉग्निटिव्ह स्क्रीन’ तर पक्षाघातासाठीच तयार केलेली, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी आहे. वाचाघात किंवा एका बाजूचे दुर्लक्ष (एका बाजूच्या गोष्टी ध्यानातच न येणे) असले तरी ती देता यावी अशी तिची रचना आहे, आणि ती एकच बेरीज न देता लक्ष, भाषा, स्मरण, अंक व हातांच्या कृती असे वेगवेगळे कप्पे दाखवते. मला ही कप्प्यांची पद्धत बेरजेपेक्षा अधिक पटते: २२ गुण मिळवणारे दोन रुग्ण एकमेकांपासून इतके भिन्न असू शकतात की एकाला स्वयंपाकघरात एकटे सोडता येते आणि दुसऱ्याला मुळीच नाही.

कोणतीही चाचणी समोर बसून आयत्या वेळी हिंदीतून किंवा इंग्रजीतून मराठीत करू नये. मराठीचे स्वतःचे खाचखळगे आहेत. १०० मधून ७ वजा करत जाताना त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी असे शब्द येतात. इंग्रजी माध्यमात शिकलेला आणि पन्नाशीत पक्षाघात झालेला इंजिनिअर तेथे एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांत घोटाळा करतो, आणि ती चूक गणिताची नसून शब्दाची असते. त्याला उत्तर अंकात लिहू द्यावे किंवा इंग्रजीत सांगू द्यावे, आणि तसे केल्याचे नमूद करावे. एका अक्षरापासून सुरू होणारे शब्द मिनिटभर सांगायचे असतात तेव्हा ‘क’ दिल्यास ‘काका’, ‘किल्ला’, ‘कोथिंबीर’ चालतात का, हे वापरत असलेल्या आवृत्तीच्या सूचनांवरून आधीच पाहून ठेवावे. रुग्ण बोलू लागल्यावर नियम शोधत बसू नये. आणखी एक अलीकडचा उपद्रव असा की काही मुले चाचणीचा कागद मोबाइलवर मिळवून वडिलांकडून आठवणीच्या चाचणीतले पाचही शब्द घोकून घेतात. प्रेमापोटीच करतात, पण त्यामुळे वडिलांचे नुकसान होते, हे त्यांना आधीच समजावून सांगावे.

एकेक क्षमता

लक्षापासून सुरुवात करावी, कारण लक्षच नसेल तर पुढचे काहीच खरे नाही. अंक सरळ व उलट क्रमाने म्हणवून घ्यावेत. कमी शिकलेल्यांना वार उलटे म्हणायला सांगावे. उत्तर बरोबर आहे पण तिप्पट वेळ लागतो, अशी मंदगती पक्षाघातानंतर फार आढळते आणि गुणांत ती उतरत नाही, म्हणून घड्याळ लावून वेळ लिहावी.

स्मरणात तीन टप्पे वेगळे करावेत: शब्द ऐकून लगेच म्हणता आले का, पाच-दहा मिनिटांनी आपणहून आठवले का, आणि न आठवल्यास ‘एक फूल होते’ अशी खूण दिल्यावर किंवा पर्यायांतून ओळखता आले का. खूण मिळताच आठवणारा रुग्ण माहिती साठवतो पण शोधून काढताना अडतो. रक्तवाहिन्यांमुळे झालेल्या खोलवरच्या इजेत हे चित्र वारंवार दिसते. खूण देऊनही शब्द हाती लागत नसेल तर साठवणच बिघडली असण्याची शक्यता असते, आणि सोबतीला अल्झायमर आहे काय, किंवा थॅलॅमस वा हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या भागांत इजा आहे काय, हे पाहावे लागते. दिवस-तारखेच्या प्रश्नांत ‘तारीख नाही माहीत, पण आज एकादशी’ असे अचूक उत्तर मिळाले तर गुण नियमाप्रमाणेच द्यावेत, पण ते उत्तर शब्दशः लिहून ठेवावे. त्या आजींचे काळाचे भान आपल्या कागदापेक्षा पक्के असते.

एका बाजूचे दुर्लक्ष या लक्षणावर थोडे अधिक थांबले पाहिजे, कारण ते रुग्ण स्वतः कधीच सांगत नाही. मेंदूच्या उजव्या अर्धगोलात इजा झाल्यावर डावीकडचे जग जणू अस्तित्वातच नसते. पुष्कळ ताऱ्यांमधून लहान तारे खोडणे, रेघेचा मध्य दाखवणे, फूल किंवा घड्याळ काढणे या चाचण्या कराव्यातच, पण महाराष्ट्रीय जेवणाचे ताट ही आपल्याला आयती मिळालेली चाचणी आहे. वाढण्याच्या रीतीप्रमाणे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे आणि भाजी, आमटी उजवीकडे असते. चटणी-कोशिंबिरीला बोटही न लावता उठणारा आणि ‘आज डावी बाजू वाढलीच नाही’ म्हणून कुरकुरणारा रुग्ण निदान स्वतःच सांगत असतो. ताट अर्धे फिरवून ठेवावे: आता कोशिंबीर संपते आणि आमटी तशीच राहते. दाढी उजव्या गालाचीच होणे, साडीचा डावीकडचा भाग जमिनीवर लोळणे, दाराच्या डाव्या चौकटीवर आपटणे, ही निरीक्षणे नर्स आणि घरच्यांकडून मिळवावीत.

डावीकडचे दृष्टिक्षेत्र गेलेला रुग्ण याहून वेगळा. त्याला उणीव कळते, तो मान वळवून भरपाई करतो, आणि रेघेचा मध्य दाखवताना अनेकदा आंधळ्या बाजूकडेच सरकतो, तर दुर्लक्ष असणारा रुग्ण उजवीकडे सरकतो. अर्थात दोन्ही एकाच रुग्णात असू शकतात.

आखणीची क्षमता कागदावर अंक-अक्षरांच्या साखळीने, दोन वस्तूंतील साम्य सांगण्याने, आणि मूठ, हाताची कड, तळवा या तीन कृती क्रमाने करण्याने पाहतात. मात्र शांत खोलीत, समोर तपासणारा बसलेला असताना, एक एक सूचना मिळत गेली की पुष्कळ रुग्ण उत्तम करतात आणि घरी जाऊन ढेपाळतात, कारण घरी सूचना देणारे कोणी नसते. म्हणून एक खरे काम करून पाहावे. ऑक्युपेशनल थेरपीच्या खोलीत ओटा असेल तर चौघांसाठी चहा करायला सांगावा, त्यातला एक बिनसाखरेचा. आधण किती ठेवले, मध्येच फोन वाजवल्यावर गॅसचे भान राहिले का, बिनसाखरेचा कप वेगळा निघाला का, पावडर दोनदा पडली का, आणि चूक झाल्यावर ती स्वतःच्या ध्यानात आली का, हे पाहावे. शेवटचा मुद्दा सर्वांत मोलाचा आहे. चुकीची जाणीव असलेला माणूस शिकू शकतो. आपल्याला काहीच झालेले नाही असे ठामपणे सांगणाऱ्याच्या बाबतीत घरच्यांची तयारी आधी करावी लागते.

मनःस्थिती, झोप आणि थकवा

पक्षाघातानंतर नैराश्य फार आढळते, आणि नैराश्यातला रुग्ण ‘माहीत नाही’ म्हणून प्रश्न टाळतो. पीएचक्यू-९ सारखी प्रश्नावली वापरावी. वाचाघात असल्यास झोप, भूक, उपचारातला सहभाग यांच्या निरीक्षणावर भर द्यावा. निरिच्छता ही नैराश्याहून वेगळी असते: असा रुग्ण दुःखी नसतो, त्याला कशाचेच काही वाटेनासे झालेले असते, आणि घरचे त्याला आळशी ठरवतात. क्षुल्लक कारणाने रडू किंवा हसू अनावर होणे हेही भावनेचे नसून मेंदूतल्या नियंत्रणाचे लक्षण असू शकते. थकव्यासाठी बैठक दोन भागांत घ्यावी. घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे यांविषयी जोडीदाराला विचारावे, कारण स्लीप ॲप्नियामुळेही लक्ष आणि स्मरण ढासळते.

रक्त, औषधे, स्कॅन

बी-१२, थायरॉइड, सोडियम, साखर, मूत्रपिंड व यकृताची कामगिरी पाहावी. शाकाहारी आणि वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींत बी-१२ कमी असण्याची शक्यता दुहेरी असते. गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी करून घ्यावी. झोपेच्या गोळ्या, ॲमिट्रिप्टिलिन, हात थरथरतो म्हणून कोणी कधीतरी सुरू केलेली ट्रायहेक्सिफेनिडिल, यांनी वृद्धांची बुद्धी धूसर होते. शेवटी एमआरआय समोर ठेवून विचारावे की दिसणारा बिघाड दिसणाऱ्या इजेशी जुळतो का. थॅलॅमसमधली लहानशी इजा मोठा बिघाड करू शकते. पण उजव्या बाजूच्या छोट्या इजेनंतर रुग्णाला नातवंडांची नावेच आठवत नसतील, तर दुसरे कारण शोधायला हवे.

पैसा, गाडी, सही

मूल्यमापनाचा उपयोग घरात व्हायचा असतो, म्हणून गुणांनंतर कामांची विचारणा करावी. गोळ्या स्वतः घेतात का, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या? यूपीआयचा पिन, आलेला ओटीपी, अनोळखी फोन यांबाबत सावधपणा आहे का? नुसते विचारू नये. शंभराच्या पाच नोटा हातात देऊन तीन वस्तूंचा हिशेब आणि मोड मागावी.

पुण्यात दुचाकीचा प्रश्न टळत नाही. हातपाय सुधारलेला माणूस स्कूटरची किल्ली मागतोच, आणि डावीकडचे दुर्लक्ष किंवा मंदावलेली प्रतिक्रिया असताना स्वारगेटच्या चौकात काय होईल हे त्याला दिसत नसते. दृष्टिक्षेत्र, दुर्लक्ष, वेग आणि निर्णय या चारही गोष्टी तपासून होईपर्यंत गाडी बंद, असे डॉक्टरांनी स्वतः, लेखी आणि रुग्णासमोर सांगावे. हे वाईटपण मुलावर ढकलू नये. मृत्युपत्र किंवा घराच्या कागदांवर सही करण्याची पात्रता मात्र चाचणीच्या गुणांवरून कधीही ठरवू नये. ती त्या एका निर्णयापुरती असते: माहिती समजते का, निर्णय होईपर्यंत ती मनात ठेवता येते का, बऱ्यावाइटाचा विचार होतो का, आणि निवड कोणत्याही रीतीने कळवता येते का.

अहवाल कसा लिहावा

‘मोका १९/३०, बोधनक्षमता कमी’ ही ओळ वाचून फिजिओथेरपिस्टला काय करायचे ते कळत नाही आणि घरच्यांना घाबरण्यापलीकडे काहीच सुचत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘वय ६८, शिक्षण दहावी, उजव्या अर्धगोलातील पक्षाघातानंतर ११ आठवडे. चष्म्यासह, मराठीतून, सकाळी तपासणी. भाषा व दिवस-वेळेचे भान ठीक. आठवण उशिरा पण खूण दिल्यावर चांगली. डावीकडे मध्यम दुर्लक्ष, ताटात व वाचनात दिसते. चहा करताना गॅसचे भान सुटले, चूक स्वतःला जाणवली नाही. नैराश्य नाही. सल्ला: ओट्यापाशी एकटे सोडू नये, वाचताना पानाच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावावी, गोळ्यांचा डबा पत्नीने भरावा, दुचाकी बंद, १२ आठवड्यांनी फेरतपासणी.’ अहवालात काय शाबूत आहे ते आधी लिहावे. घरच्यांशी बोलताना रुग्णाला बाहेर बसवून दार लावून घेण्याची पद्धत मला पसंत नाही. तो समोर असावा, त्याच्याशी आधी बोलावे, आणि घरच्यांना काही वेगळे सांगायचे असेल तर त्याची परवानगी घेऊन नंतर वेळ द्यावा.

फेरतपासणीच्या दिवशी

तीच चाचणी लवकर दिल्यास सरावाने गुण वाढतात, म्हणून उपलब्ध असेल तेथे पर्यायी आवृत्ती वापरावी आणि मागच्याच भाषेत, शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी तपासावे. एक-दोन गुणांचा फरक सुधारणा किंवा घसरण म्हणून जाहीर करू नये. कामांत काय बदलले ते विचारावे. अचानक मोठी घसरण दिसली तर नवा पक्षाघात, फिट किंवा संसर्ग यांचा शोध आधी घ्यावा, आणि रक्तदाब, मधुमेह, तंबाखू व गोळ्यांची नियमितता यांची उजळणी प्रत्येक भेटीत करावी. चष्मा, श्रवणयंत्र, जुना अहवाल, सगळ्या गोळ्या आणि रोजचा माणूस बरोबर आणण्यास फोनवर आदल्या दिवशी सांगावे. जुन्नर किंवा भोरहून पहाटेच्या एसटीने निघालेला रुग्ण दहा वाजता उपाशीपोटी, घामाघूम होऊन समोर येतो. त्याला आधी चहा-बिस्किटे द्यावीत, अर्धा तास पंख्याखाली बसू द्यावे, आणि मगच कागद काढावा.